मॅडम, इथे सही करा!

एक छोटीशी टेस्ट घेऊ या. वेळ दहा सेकंद, निगेटिव्ह मार्किंग नाही. डोळे मिटा आणि मनातल्या मनात म्हणा, 'साहेब आले!' काय दिसलं? पांढरी गाडी, मागच्या सीटवरून उतरणारे एक गृहस्थ, हातात दोन मोबाइल, मागून फाइल घेऊन धावणारा माणूस. बरोबर? आता म्हणा, 'मॅडम आल्या!' आता शाळेतल्या बाई दिसल्या असतील, एचआरवाल्या दिसल्या असतील, नाहीतर साहेबांच्या मिसेस. ज्यांना थेट कंपनीची मालकीण दिसली त्यांनी स्वतःची पाठ थोपटून घ्यावी. पण खरं सांगा हं!

ही टेस्ट मी जालना एमआयडीसीतल्या एका चहाच्या टपरीवर करून पाहिली. शिफ्ट सुटायची वेळ, कटिंग चहा, समोर सळ्यांचे भारे लादलेले ट्रक. पाच जण होते, सगळे तिशीच्या आतले, इंजिनीअर, अकाउंट्सवाले, एक मार्केटिंगवाला. टेस्टचा निकाल तुमच्यासारखाच लागला. मग मी दुसरा प्रश्न टाकला, "बाई पंतप्रधान झालेली चालेल?" पाचही जण एका सुरात म्हणाले, "चालेल की! इंदिराजी नव्हत्या का?" तिसरा प्रश्न, "आणि लेडी बॉस?" इथे मात्र चहाचे घोट लांबले. एकानं बिस्किट बुडवलं, ते कपातच पडलं. शेवटी मार्केटिंगवाला म्हणाला, "डिपेंड करतं."

पंतप्रधान चालेल, बॉसचं मात्र डिपेंड करतं! इथंच तर घोडं पेंड खातं. देशाच्या सर्वोच्च पदावर बाई बसली तर आपल्याला अभिमान वाटतो. कारण ती लांब असते, टीव्हीत असते, आपली रजा मंजूर करत नसते.

कागदावरची मालकीण

'जालना, सोने का पालना' असं पूर्वीपासून म्हणतात. आजचं सोनं म्हणजे लोखंड आणि बियाणं. भंगार भट्टीत जातं, त्याचं बिलेट होतं, बिलेटची सळई होते आणि ती सळई कुठल्या तरी शहरात कुणाच्या तरी टूबीएचकेच्या स्लॅबमध्ये जाऊन बसते. या सगळ्या साखळीत बाई कुठे दिसते? मिलच्या भट्टीपाशी जवळपास नाहीच. बियाण्यांच्या प्लान्टमध्ये निवडायला, पॅकिंगला भरपूर. ऑफिसात अकाउंट्सला, रिसेप्शनला थोड्या. आणि एक जागा अशी आहे की जिथे ती हमखास सापडते. ती जागा म्हणजे कागद!

माझी एक सीए मैत्रीण छोट्या युनिट्सचे हिशेब बघते. ती सांगत होती, "प्रोप्रायटरच्या जागी मिसेसचं नाव, पार्टनरशिप डीडमध्ये आईचं नाव, डायरेक्टर म्हणून वहिनीचं नाव, हे मला नवीन नाही. महिला उद्योजकांना सवलती असतात, टॅक्सचं गणित असतं, कधी एका नावावर आधीच एक कर्ज असतं. मग महिन्यातून एकदा आमचा मुलगा फाइल घेऊन घरी जातो. मॅडम पोळ्या लाटत असतात. हात पुसून येतात. तो पिवळ्या चिठ्ठ्या लावलेली पानं उलटतो आणि म्हणतो, मॅडम, इथे सही करा. इथे... आणि इथे."

"त्या वाचतात?" मी विचारलं.

"एकीनं एकदा विचारलं होतं, हे काय आहे म्हणून. घरात दोन दिवस अबोला होता."

यात हसण्यासारखं काही नाही, बरं का. कारण चेकवर जिची सही, चेक परत आला की नोटीस तिच्या नावानं येते. कर्जाला जी जामीनदार, बँक तिलाही सोडत नाही. नफ्याचा निर्णय त्यांचा आणि जोखमीचा कागद हिचा, असा हा सौदा आहे. सगळ्याच घरांत असं नसतं. जालन्यातही स्वतः ऑर्डरी आणणाऱ्या, मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या मालकिणी आहेत. पण त्यांना विचारा, बाहेरून आलेला माणूस पहिला प्रश्न काय करतो? "साहेब आहेत का?"

गावाकडे याच सिनेमाचं नाव 'सरपंच पती'. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला लागू झाली आणि पंचायतींमध्ये स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रानं २०११ साली त्या निम्म्या केल्या. खुर्ची बाईला मिळाली, पण शेजारी आणखी एक खुर्ची आली आणि तिच्यावर पतिदेव येऊन बसले. शिक्का बाईच्या पिशवीत, निर्णय साहेबांच्या खिशात.

म्हणजे आपल्याकडे बाईला खुर्ची द्यायला ना नाही. फक्त खुर्ची द्यायची आणि पेन आपल्याकडे ठेवायचं. हे गावात होतं, गाळ्यात होतं. मग राज्याच्या आणि देशाच्या पातळीवर काय होतं? त्यासाठी थोडं उत्तरेला जाऊ या.

नाडगाव ते रायसीना हिल

जालन्याहून जळगावला थेट रेल्वे नव्हती. १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२४मध्ये मंजुरी दिली. बाहेरची मंडळी जालना आणि जळगाव यांत कायम गोंधळ करतात, त्यांनी आता तरी नकाशा बघावा. याच जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावात १९ डिसेंबर १९३४ला एक मुलगी जन्मली. मूळजी जेठा कॉलेजात एमए केलं, मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजातून वकिली. टेबल टेनिस झकास खेळायची. १९६२ साली ती जळगावातून आमदार झाली, तेव्हा वय होतं २७. म्हणजे आत्ता तुम्ही ज्या वयात 'जॉब बदलू की नको' यावर रात्र रात्र चॅट करता, त्या वयात! नाव अर्थातच प्रतिभाताई पाटील.

गंमत म्हणजे एमआयडीसीचा जन्मही १९६२चाच, १ ऑगस्टचा. महाराष्ट्राच्या औद्योगिक वसाहती आणि प्रतिभाताईंची कारकीर्द एकाच वर्षी सुरू झाली.

पुढचा बायोडेटा बघा. एचआरवाल्यांनी तर जरूर बघा. १९६७पासून एदलाबाद, म्हणजे आजचं मुक्ताईनगर, तिथून सलग चार वेळा आमदार. १९६७ साली उपमंत्री. १९७२ साली कॅबिनेट मंत्री. १९७९मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेत्या. १९८५ साली राज्यसभेत, मग राज्यसभेच्या उपसभापती. १९८८ ते १९९० प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्ष. १९९१ साली अमरावतीच्या खासदार. २००४ साली राजस्थानच्या राज्यपाल. आणि २५ जुलै २००७ला भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती.

एकही पायरी उडी मारून चढलेली नाही. तब्बल ४५ वर्षांचा जिना आहे हा. आणि तरी २००७च्या जूनमध्ये नाव जाहीर झालं तेव्हा दिल्लीच्या चॅनलांवर पहिला प्रश्न काय होता? 'या कोण?' आणि दुसरा प्रश्न त्याहून भारी, 'आता यांना म्हणायचं काय?' राष्ट्रपती या शब्दात 'पती' आहे ना! मग 'राष्ट्रमाता' म्हणा, 'राष्ट्राध्यक्षा' म्हणा, असल्या चर्चांनी रकाने भरले. खरं तर संस्कृतातला पती म्हणजे स्वामी, प्रमुख. सभापती, सेनापती, तसाच राष्ट्रपती. प्रतिभाताई राज्यसभेच्या उपसभापती होत्या तेव्हा कुणाला व्याकरण आठवलं नव्हतं. मोठी खुर्ची आली आणि सगळे एकदम वैयाकरणी झाले! १५ वर्षांनी, जुलै २०२२मध्ये द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती झाल्या, तेव्हा एका खासदारानं त्याच शब्दाची भलतीच मोडतोड केली आणि संसदेत गदारोळ झाला. शब्द पुरुषाच्या मापानं शिवला की बाईला तो कायम कुठेतरी काचतो.

निकाल मात्र दणदणीत होता. प्रतिभाताईंच्या मतांचं मूल्य ६,३८,११६, भैरोंसिंह शेखावत यांचं ३,३१,३०६. शिवसेना तेव्हा दिल्लीत भाजपच्या आघाडीत होती, पण मराठी उमेदवार म्हणून तिनं प्रतिभाताईंना मतं दिली. आणि पुढे २५ नोव्हेंबर २००९ला पुण्याच्या लोहगाव तळावरून जी-सूट घालून त्या सुखोईत बसल्या, तेव्हा वय ७४. ज्यांनी 'या कोण?' विचारलं होतं त्यांना फोटो बघूनच उत्तर मिळालं असेल.

सहा वेळा बदललेली खुर्ची

आता तोच बायोडेटा परत वाचा आणि सांगा, त्यात काय नाही? आमदार, मंत्री, विरोधी पक्षनेता, प्रदेशाध्यक्ष, खासदार, राज्यपाल, राष्ट्रपती. सगळं आहे. फक्त 'मुख्यमंत्री' नाही.

१९८० ते १९८८ या आठ वर्षांत महाराष्ट्रातली ती खुर्ची सहा वेळा बदलली. १९८०ला अंतुले, १९८२ला बाबासाहेब भोसले, १९८३ला वसंतदादा, १९८५ला निलंगेकर, १९८६ला शंकरराव चव्हाण, १९८८ला शरद पवार. सगळे एकाच पक्षाचे, म्हणजे प्रतिभाताईंच्याच. सत्ता येण्याआधी विरोधी पक्षनेतेपद सांभाळलेल्या, आधी कॅबिनेट मंत्री राहिलेल्या बाई समोर होत्या. खुर्ची सहा वेळा मोकळी झाली आणि सहाही वेळा तिच्यावर 'साहेब' बसले. प्रत्येक वेळची कारणं वेगळी असतील, गटाची असतील, जातीची असतील, दिल्लीच्या मर्जीची असतील. पण उत्तर दर वेळी सारखंच कसं येतं?

आता हे राष्ट्रपतिपदाच्या शेजारी ठेवून बघा. घटनेच्या कलम ७४ प्रमाणे राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालायचं. एकदा फेरविचाराला सांगता येतं, दुसऱ्यांदा तोच सल्ला आला की मान्य करावा लागतो. मान सर्वांत मोठा, पण बजेट नाही, बदल्या नाहीत, पोलीस नाहीत. ते सगळं मुख्यमंत्री आणि पंतप्रधानांकडे. मानाची खुर्ची महाराष्ट्राच्या लेकीला २००७ साली मिळाली. कामाची खुर्ची १९६० साली राज्य झाल्यापासून २०२४च्या डिसेंबरातल्या शपथविधीपर्यंत एकाही बाईला मिळाली नव्हती. उत्तर प्रदेशात सुचेता कृपलानी १९६३ सालीच मुख्यमंत्री झाल्या होत्या. आपण पुरोगामी राज्य म्हणवतो, बरं का!

मग मराठी बाईला राज्य चालवता येत नाही का? येतं की, फक्त सीमा ओलांडावी लागते. गोव्यात भाऊसाहेब बांदोडकरांचं ऑगस्ट १९७३मध्ये निधन झालं आणि त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, त्या थेट १९७९पर्यंत. चिपळूणच्या सुमित्रा महाजन लग्न होऊन इंदूरला गेल्या, तिथे उपमहापौर झाल्या, १९८९ साली माजी मुख्यमंत्र्यांना हरवून लोकसभेत पोचल्या, तिथून सलग आठ वेळा निवडून आल्या आणि २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. अख्खं इंदूर त्यांना 'ताई' म्हणतं.

घरच्या अंगणात काय आहे? जालना लोकसभेला १९८९पासून २०२४पर्यंत जे निवडून आले ते सगळे पुरुष. २०२४ साली जिल्ह्यातल्या पाचही विधानसभा मतदारसंघांतून पुरुष आमदार. शेजारच्या बीडनं मात्र केशरबाई क्षीरसागरांना १९८०, १९८४ आणि १९९१ असं तीनदा लोकसभेत पाठवलं होतं. म्हणजे पाणी तेच, माती तीच. २०२४ साली महाराष्ट्रातून ४८पैकी ७ महिला खासदार झाल्या, त्यातल्या दोघी, रक्षा खडसे आणि स्मिता वाघ, एकट्या जळगाव जिल्ह्यातून. एकीनं जिना चढून दाखवला की मागच्यांना पायरी दिसते, असं म्हणायला हरकत नाही.

महत्त्वाकांक्षा? बाईला?

कुठल्याही चौकात उभे राहा. 'भावी मुख्यमंत्री' असा बॅनर हमखास दिसेल, दादांचा, भाऊंचा, आबांचा. आपण सिग्नल सुटायची वाट बघत तो वाचतो आणि विसरतो. पण २०१५ साली पंकजा मुंडे मंत्री असताना लोकांच्या मनातल्या मुख्यमंत्रिपदाबद्दल बोलल्या, तर केवढं वादळ उठलं! त्यांचं राजकारण तुम्हाला पटो न पटो, तो मुद्दा नाही. पुरुषाची महत्त्वाकांक्षा फ्लेक्सवर शोभते आणि बाईची 'ब्रेकिंग न्यूज' होते, मुद्दा एवढाच.

याची मुळं जुनी आहेत. जालन्याहून सिंदखेडराजा हाकेच्या अंतरावर. १२ जानेवारीला इकडून गाड्या भरून लोक जिजाऊंच्या जन्मस्थळी जातात. जायलाच हवं. पण आपण त्यांना आठवतो ते शिवरायांच्या आई म्हणून. पुण्याच्या जहागिरीचा कारभार पाहणाऱ्या जिजाऊ भाषणात दोन वाक्यांत उरकतात. आणि त्यांची नातसून ताराबाई? १७००साली राजाराम महाराज गेल्यावर या बाईनं सात वर्षं औरंगजेबाशी लढा चालवला, तोही वयाच्या पंचविशीत. पण गादीवर नाव धाकट्या मुलाचं. म्हणजे बघा, तिच्या बाबतीत काम बाईचं आणि नाव पुरुषाचं. आमच्या एमआयडीसीत नाव बाईचं आणि काम पुरुषाचं. दोन्हीकडे नाव आणि काम एकत्र काही येत नाही!

जगाचं चित्र काय आहे? २१ जुलै १९६०ला श्रीलंकेत सिरिमावो बंदरनायके जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. (योगायोग बघा, प्रतिभाताईंचा निकाल लागला २१ जुलै २००७ला आणि मुर्मू यांचा २१ जुलै २०२२ला!) आपला हा सगळा परिसर महिला नेत्यांच्या बाबतीत अमेरिकेच्या खूप पुढे आहे. तिथे हिलरी क्लिंटन २०१६ला आणि कमला हॅरिस २०२४ला दारापर्यंत जाऊन परतल्या. पण आपल्याकडच्या यादीत एक गोष्ट समान आहे. बंदरनायके आणि खालिदा झिया पतींच्या हत्येनंतर पुढे आल्या. इंदिराजी, बेनझीर आणि शेख हसीना वडिलांचं नाव घेऊन. म्हणून त्यांचं कर्तृत्व कमी होत नाही. ज्यांना 'गूंगी गुडिया' म्हणून हिणवलं त्या इंदिराजींनी पुढे काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण दार उघडायला आडनावाची किल्ली लागली, हेही खरं.

किल्लीशिवाय दार उघडलेल्याही आहेत. जर्मनीच्या अँगेला मर्केल भौतिकशास्त्रातल्या संशोधक, १६ वर्षं चॅन्सलर. मेक्सिकोच्या क्लॉडिया शेनबॉम आधी राजधानीचा कारभार सांभाळून १ ऑक्टोबर २०२४ला राष्ट्राध्यक्ष झाल्या, आणि त्यांची मुख्य प्रतिस्पर्धीही बाईच होती. ओदिशातल्या रायरंगपूरच्या नगरसेविकेपासून, १९९७ पासून, द्रौपदी मुर्मूही पायरी पायरीनंच वर आल्या. या सगळ्यांच्या गोष्टीत वशिल्याऐवजी मधल्या पायऱ्या आहेत.

जिना कुठे तुटतो?

आणि आपल्या ऑफिसात, आपल्या प्लान्टमध्ये नेमक्या याच पायऱ्या गायब असतात. मिलमध्ये प्रमोशनचा रस्ता जातो शिफ्ट इनचार्ज या पदावरून. शिफ्ट म्हणजे रात्रपाळी आलीच. १९४८च्या कारखाने कायद्यातल्या कलम ६६नं बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कारखान्यात काम करायला मनाई केली होती. हेतू चांगला होता, संरक्षणाचा. परिणाम असा की मेटलर्जीची डिग्री घेऊन आलेली मुलगी टेस्टिंग लॅबमध्ये किंवा क्वालिटीच्या टेबलावर स्थिरावायची आणि तिच्याच बॅचचा मुलगा दोन वर्षं नाइट मारून 'साहेब' व्हायचा. पुढे सवलतींच्या खिडक्या उघडत गेल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यात बाईच्या संमतीनं आणि सुरक्षेच्या अटी पाळून रात्रपाळीला परवानगी आहे. कायद्यानं दार उघडलंय. आता रात्री अकराला एमआयडीसीच्या रस्त्यावरचे दिवे, घरी सोडणारी गाडी आणि धड टॉयलेट, हे कोण देणार? तिथे साहेब म्हणतात, "एवढ्या भानगडीत कशाला पडता? मुलगाच घ्या."

संसदेतही असंच. २०२४च्या लोकसभेत ५४३पैकी ७४ महिला निवडून आल्या. सप्टेंबर २०२३मध्ये एक तृतीयांश आरक्षणाची घटनादुरुस्ती लोकसभेत ४५४ विरुद्ध २ अशी मंजूर झाली. पण तिच्यातच आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना अशी अट घातली गेली. टाळ्या आधी, तारीख नंतर! ऑफिसातली ती ओळख आठवते ना? "तुमचं नाव नक्की विचारात घेऊ. पुढच्या अप्रेझलला."

न केलेल्या दोन सह्या

तर मग सगळं निराशाजनकच आहे का? मुळीच नाही. आता मला या विषयातली सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते.

२००४ ते २००७ या काळात राजस्थानात एक मजेदार योग होता. मुख्यमंत्री वसुंधरा राजे, विधानसभेच्या अध्यक्ष सुमित्रा सिंह आणि राज्यपाल प्रतिभाताई. तिन्ही मोठ्या खुर्च्यांवर बायका! त्यातल्या वसुंधरा राजे या शिंदे घराण्यातल्या. २००६ साली विधानसभेनं धर्मांतराविषयीचं एक विधेयक मंजूर करून राज्यपालांकडे पाठवलं. फाइल आली. पिवळ्या चिठ्ठ्या असतील नसतील, पण अर्थ तोच, मॅडम, इथे सही करा. प्रतिभाताईंनी ती केली नाही. आक्षेप घेऊन विधेयक परत पाठवलं.

आता पुढचा भाग ऐका. द्रौपदी मुर्मू झारखंडच्या राज्यपाल होत्या. २०१७ साली त्यांच्याकडे आदिवासींच्या जमिनींविषयीच्या छोटानागपूर आणि संथाल परगणा कुळकायद्यांत बदल करणारी विधेयकं आली. सरकार त्यांच्याच जुन्या पक्षाचं. त्यांनीही सही केली नाही. विधेयकं परत गेली.

दोन विधेयकं बरोबर की चूक, यावर आपण चहाच्या टपरीवर रात्रभर भांडू शकतो. पण देशाला आतापर्यंत ज्या दोन महिला राष्ट्रपती मिळाल्या, त्या दोघींनीही राज्यपाल असताना एकदा तरी पेन खाली ठेवून फाइल परत पाठवली होती. दोघीही खालून वर आलेल्या. एकीनं वकिली केलेली, दुसरी शाळेत शिकवून नगरपालिकेत बसलेली. कागद वाचायची सवय खालच्या पायरीवरच लागते. रबरी शिक्का आणि माणूस यांत फरक काय? शिक्का वाचत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पहिली महिला मुख्यमंत्री कोण, महिला पंतप्रधान पुन्हा कधी, या चर्चा आपण करूच, त्यात मजाही आहे. पण ती जी कोण असेल ती आज कुठेतरी वॉर्डात, पंचायत समितीत, एखाद्या शेडमध्ये कागद वाचायला शिकत असणार. किंवा तिला तो वाचू दिला जात नसणार.

तुम्ही टीम लीडर असाल तर पुढच्या वेळी शिफ्ट इनचार्ज नेमताना तिचं नाव काढण्याआधी तिला एकदा विचारा तरी. सीएच्या ऑफिसात असाल तर फाइल घेऊन घरी जाल तेव्हा पान उलटण्याआधी थांबा, समजावून सांगा. कुणाच्या नावावर तुम्ही धंदा चालवत असाल तर तिला आठवड्यातून एक दिवस गाळ्यावर आणा, बँकेतल्या बोलण्याला बसवा, पार्ट्यांची उधारी दाखवा. आणि तुम्हीच त्या कागदावरच्या मॅडम असाल तर? तर पोळ्या लाटून होऊ द्या. हात पुसा. चष्मा लावा. फाइल घेऊन आलेल्या मुलाला चहा द्या आणि सांगा, "ठेवून जा. मी वाचते. परवा ये."

घरात दोन दिवस अबोला होईल कदाचित. होऊ द्या. राजस्थान आणि झारखंडच्या सरकारांनाही ते आवडलं नव्हतंच!